आलेली मरळ

फार फार मागची गोष्ट. तेव्हा राजे होते, पण तळ्यांना मालक नव्हते.

एका राज्यात एक तळं होतं. तळं कसलं, दर्याच म्हणा. या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ती पोचायची नाही. पावसाळ्यात पाणी पार चिंचेच्या झाडांना लागायचं आणि उन्हाळ्यात उतरत उतरत मधल्या खोलगटात गोळा व्हायचं. मग काठावरच्या भोई लोकांचे सुगीचे दिवस यायचे. कडेचं पाणी उथळ आणि कोमट, आणि तिथल्या लव्हाळ्यात मरळी हिंडू लागायच्या.

मरळ म्हणजे मोठा दांडगा मासा. काळसर अंग, सापासारखं डोकं आणि चवीला असा की खाणाऱ्याने बोटं चाटत राहावं. तिला मधूनमधून श्वास घ्यायला पाण्याबाहेर तोंड काढावं लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी तळ्यावर बसलं की इथे पुळुक, तिथे पुळुक, असा आवाज चाललेला असायचा.

या भोयांची एक रीत होती. 'मी मासा धरला' असं त्यांच्यात कोणी म्हणत नसे. 'मासा आला' म्हणायचे. मासा केवढाही असो, त्याला काढताना हाताची सालटी निघालेली असोत, घरी येऊन माणूस एवढंच सांगणार, "आज एक मरळ आली." आणि बायको विचारणार, "मोठी आली का?" परगावचे लोक थट्टा करायचे. "तुमच्याकडचे मासे भलतेच प्रेमळ दिसतात, पायांनी चालत घरी येतात!" भोई हसून सोडून द्यायचे. ही रीत कुणी पाडली आणि का पाडली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या गावात बहिरू नावाचा तरणा भोई होता. गळ टाकावा तर बहिरूने, असं सगळे म्हणत. कुठल्या लव्हाळ्यात मरळ दबा धरून बसली आहे हे त्याला नुसत्या पाण्याकडे बघून कळायचं. गळाला बेडकी लावून तो ती अशी अलगद पाण्यावर नाचवायचा की बघणाऱ्यालाही ती जिवंत वाटावी. गुण होता, आणि गुण असला की माणसं वाखाणतातच. त्यात काही वावगं नव्हतं.

एका उन्हाळ्यात राजाची छावणी तळ्याकाठी पडली. राजा सकाळी फिरायला निघाला, तर समोर बहिरू एका भल्यामोठ्या मरळीशी झुंजत होता. काठी कमानीसारखी वाकली होती, पाणी उसळत होतं. शेवटी बहिरूने मरळ वाळूवर घेतली, तेव्हा राजाने लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

"वा! कोणी रे धरली ही?" राजाने विचारलं.

काठावर पाच-पन्नास माणसं उभी होती. सगळ्यांना ठाऊक होतं, बहिरू आता म्हणणार, "आली, महाराज."

बहिरूने मान वर केली. समोर राजा, भोवती गाव. तो म्हणाला, "म्या धरली, महाराज."

राजाला रीत कुठून माहीत असणार? त्याने खूश होऊन डोक्यावरचा जरीचा फेटा काढला आणि बहिरूच्या डोक्यावर ठेवला. छावणी उठली, राजा गेला. फेटा मात्र राहिला.

त्या दिवसापासून बहिरू बदलला. तो फेटा बांधूनच गळ टाकायला बसू लागला. काठाच्या शेजारच्या खाचेत नागोजी नावाचा म्हातारा भोई बसायचा. त्याचे हात कापायचे. दिवसभर बसून त्याला एखाददुसरी चिंगळी मिळायची, आणि तेवढ्यावर तो खुशीत घरी जायचा. बहिरू त्याला ऐकवायचा, "आबा, तुमच्याकडं मासा येतोय कधी न् तुम्ही खाताय कधी! येत नसतो तो. धरावा लागतो."

"आसंल बाबा," नागोजी म्हणायचा, आणि आपल्या दोरीकडे बघत बसायचा.

उन्हाळा चढत गेला. अशातच बहिरूची बायको गोदा बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली. बहिरूच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्याने गावभर गूळ वाटला.

पण गोदा फार थकली होती आणि तिला दूध येईना. पोरगी रडायची, छातीशी धडपडायची आणि पुन्हा रडायची. शेळीचं दूध बोळ्याने पाजलं तर ते तिच्या पोटात ठरेना. सुईणबाई म्हातारी होती, तिने अशी कितीतरी बाळंतपणं पाहिली होती. ती बहिरूला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळंतिणीच्या अंगात ताकद न्हाई. मरळीचं पातळ कालवण पोटात जाऊ दे, मग दूध येईल. पर उशीर नको करू. पोर सुकत चाललीय."

"मरळ?" बहिरू हसला. "एवढंच व्हय? दिवस मावळायच्या आत धरून आणतो."

त्याने फेटा बांधला आणि तळ्यावर गेला.

दिवस मावळला. मरळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच गेला. बेडकी बदलली, गळ बदलला, जागा बदलली. मरळी होत्या, अगदी समोर होत्या. पुळुक करून वर यायच्या, त्याच्याकडे बघितल्यासारखं करायच्या आणि खाली जायच्या. आता, फेट्याचा तुरा पाण्यावर सावली नाचवत होता आणि मरळी त्याला बिचकत होत्या, असं शहाणी माणसं म्हणतील. म्हणोत बापडी. बहिरूच्या एवढं ध्यानात आलं नाही, हे मात्र खरं. माणसाच्या डोक्यावर काही चढलं की ते त्याला स्वतःला दिसत नाही.

संध्याकाळी सुईणबाईने विचारलं, "नागोजीला सांगून ठेवू का? त्याच्या गळाला लागली तर..."

"खबरदार!" बहिरू कडाडला. "माझ्या घरात त्या थरथऱ्या म्हाताऱ्याचा मासा? लोक काय म्हणतील?"

तिसऱ्या दिवशी त्याने काठी फेकून दिली आणि सरळ पाण्यात उतरला. लव्हाळ्यात हात घातले, टोपली मारली, चिखलात लोळला. हाती लागला तो नुसता शेवाळाचा गुंता. वरच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. त्याने मान वाकडी करून विचारलं, "काय चाललंय, फेटेवाले?"

"मासा धरतोय."

"कोण, तुम्ही?" खंड्या म्हणाला. "मी जन्मापासून सूर मारतोय. चोच माझी, डोळा माझा, झेपही माझी. पण खाली मासा असेल का नाही, ते काही माझं नाही. दहादा सूर मारतो, नऊदा पाणी पिऊन येतो. तुमचं बरं आहे बुवा, तुम्ही धरता!" आणि निळा झपकारा मारून तो उडून गेला.

बहिरूने चिखलाचा गोळा त्याच्या मागे भिरकावला. तो त्याच्याच फेट्यावर येऊन पडला.

तो घरी आला तेव्हा दारातच त्याला पोरीचं रडणं ऐकू आलं. पण आता ते रडणंही बारीक झालं होतं, मांजराच्या पिलासारखं. गोदा भिंतीला टेकून बसली होती. पोरीला छातीशी धरून ती नुसती बघत होती. बहिरू घाबरला. आणि पुरुषाला भीती वाटली की तो आधी चिडतो, तसा तो चिडला.

"तू तरी काय नुसती बसलीस? काहीतरी कर की!"

गोदाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग धरायलाही अंगात बळ लागतं.

"अवो," ती हळू म्हणाली, "दूध काय धरून आणायचं आसतं व्हय? मी पोटाशी घेऊन बसलीय. त्येवढंच माझ्या हातात हाय. यायचं ते येतं."

 बहिरू बाहेर ओट्यावर जाऊन बसला. 'येतं' हा शब्द त्याच्या कानातून जाईना. त्याला वाटलं, खरंच की. झोप येते, ती कोणी धरून आणत नाही. पाऊस येतो. शेतात पीक येतं, पोरगी पोटाला आली, पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा आपल्याला हसू आलं. आजवर जे जे चांगलं झालं ते सगळं आलेलं होतं. आपण फक्त दार उघडं ठेवलं होतं, आणि तेवढ्यावर सगळ्या घराचे आपणच धनी म्हणवत होतो. त्याला लाज वाटली. इतकी की त्याने तोंड पंच्यात लपवलं.

सकाळी तो बोडक्या डोक्याने निघाला. पण आपल्या जागेवर गेला नाही. नागोजीच्या खाचेपाशी जाऊन उभा राहिला. म्हातारा आपला बसला होता, दोरीकडे बघत.

"आबा," बहिरू म्हणाला. पुढचं बोलायला त्याला फार जड गेलं. "माझ्याकडं येईना. घरात पोर सुकतीय. तुमच्याकडं आली तर... मला द्याल का?"

बहिरूने आजवर काय काय ऐकवलं होतं, ते म्हाताऱ्याला आठवत नसेल का? आठवत असणारच. पण तो थोडा सरकला आणि शेजारच्या दगडावर हात थोपटून म्हणाला, "बस की. दोघांनी वाट बघितली तर लवकर सरते."

दोघं बसले. ऊन चढलं. पाण्यात पुळुक, पुळुक चाललं होतं. बहिरूला वाटत होतं, म्हाताऱ्याच्या हातातून काठी घ्यावी आणि आपण बेडकी नाचवावी. पण त्याने हात मांडीखाली दाबून धरले.

आणि एकाएकी नागोजीची काठी खाली वाकली. अशी वाकली की म्हाताराच पाण्याकडे ओढला गेला.

"बहिरू! आरं धर, धर मला!"

बहिरूने एका हाताने नागोजीची कंबर आवळली, दुसऱ्या हाताने काठी. म्हातारा ओरडत होता, "ढील दे! आता वढ! आरं तोडशील, ढील दे!" बहिरू ढील देत होता, ओढत होता. पाणी उसळलं, लव्हाळी लोळली, दोघं गुडघ्याएवढ्या चिखलात बसले. अखेर एक अशी मरळ काठावर आली, की राजाला दाखवली होती ती तिच्यापुढे पोरच.

दोघंही धापा टाकत होते. नागोजीने तोंडावरचा चिखल पुसला आणि मिस्कील डोळे करून विचारलं, "काय रं, कुणी धरली म्हणायची ही?"

बहिरूने पाहिलं. गळ नागोजीचा, जोर आपला, मरळ तळ्याची. आणि इतक्या सगळ्या लव्हाळ्यांत तिने या एका बेडकीवर झडप घातली, ते कोणाचं? त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो ढसाढसा रडू लागला.

"उठ लेका, रडत काय बसलास?" म्हातारा म्हणाला. "ही तुझ्या गोदीकडं निघाली हुती. आपण दोघं तिला वाटंत भेटलो, बाकी काय न्हाई. दोन हात पुढं कर."

बहिरूने दोन्ही हात पुढे केले. गावातल्या नामांकित गळवाल्याने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मासा मागून घेतला. त्याने आधी मरळीच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला, मग म्हाताऱ्याच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि घराकडे धावत सुटला.

सुईणबाईने पातळ कालवण केलं. गोदाने ते ऊन ऊन प्यायलं, पुन्हा प्यायलं, दुसऱ्या दिवशीही प्यायलं. बहिरू दाराबाहेर उभा होता. आत जायचा त्याला धीर होत नव्हता. पोरगी रडत होती. मग मधेच गप्प झाली. बहिरूने दाराला कान लावला.

आतून गोदाचा आवाज आला. एकच शब्द.

"आलं!"

आणि त्यामागून पोरीच्या चुटूचुटू पिण्याचा आवाज.

बहिरूने हात जोडले. कोणाला जोडावे हे त्याला कळेना. तळ्याला, मरळीला, नागोजीला, सुईणबाईला, की आतल्या त्या थकलेल्या बाईला? उपकार एवढ्या बाजूंनी आले होते की एका दिशेला तोंड करणं जमेना. म्हणून तो तसाच हात जोडून अंगणात सावकाश एक गिरकी घेऊन आला, आणि बघणाऱ्यांना वाटलं, बापाला आनंदाने वेड लागलं.

पुढे बहिरू पुष्कळ वर्षं गळ टाकत राहिला. हातातलं कसब तेच होतं. पण नागोजीचे हात काठी धरेनासे झाल्यावर रोजची पहिली मरळ बहिरूच्या हातून म्हाताऱ्याच्या चुलीकडे जायची, आणि गावात कोणी बाळंतीण असली तर दुसरी तिच्याकडे. कोणी आभार मानले तर बहिरू लाजायचा. म्हणायचा, "मी कोण देणार? ती तुमच्याकडंच निघाली हुती."

तात्पर्य : कष्ट आपले असतात, पण फळ आलेलं असतं, म्हणून ते मिरवून नव्हे, हात जोडून घ्यावं, आणि वाटून खावं.