ढवळूनं वरी पिकवली त्याची गोष्ट

चूक जिवल्या आजाची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट संपली की सगळे ढवळूलाच हसतात आणि म्हातारा सुटतो.

तर, नदीच्या वळणावर नुकत्याच वसलेल्या एका गावात ढवळू नावाचा एक भोळा गडी होता. गाव म्हणजे काय, दहा खोप्या. दोन पावसाळ्यांपूर्वीपर्यंत ही माणसं रानात फिरायची, शिकार करायची, कंद उकरायची. रान संपलं की डेरा उचलून पुढच्या डोंगराला जायची. मग जिवल्या आजाचे गुडघे दुखायला लागले. त्यानं जाहीर केलं, "आता आपण इथंच राहायचं. वरी पेरायची." झालं, गाव वसलं. लोक म्हणायला लागले, आजाला दूरदृष्टी आहे. कसली दूरदृष्टी? गुडघे.

ढवळूला लहानूमामाची सोमी हवी होती. सोमीलाही तो चालत होता. मामा म्हणाला, "पूर्वी जावयानं डुक्कर मारून आणलं की भागायचं. आता नाही. टोपलीभर वरी माझ्या दारात आणून ठेव आणि पोरगी घेऊन जा."

आजानं ढवळूला बियाण्याची टोपली दिली. पुढचं काही सांगितलं नाही.

ढवळूला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली, तीही आजानंच, कान पिळून: हाती आलं ते त्याच दिवशी सगळ्यांत वाटून खायचं. उद्यासाठी ठेवतो तो चोर. ढवळूनं वरीची पेज शिजवली आणि दहाही खोप्यांत वाटली. आजानं दोनदा मागून घेतली.

"गोड आहे रे. कुठली वरी?"

"तू दिलेली."

आजाला ठसका लागला. "अरे येड्या! बियाणं खायचं असतं का? हाती आलं की मातीत पुरायचं. मग धीर धरायचा. एकाचे शंभर होतात!"

"असं आधी सांगायचं ना, आज्या."

"आता सांगितलं ना!"

"ध्यानात ठेवलं," ढवळू म्हणाला.

चार दिवसांनी त्याच्या फासात दोन ससे सापडले. लहानूमामा जेवायला यायचा होता. मामा आला, तर चूल थंड.

"ससे कुठायत?"

"पुरलेत. धीर धर मामा, एकाचे शंभर होतील."

तिसऱ्या दिवशी वास सुटला. चौथ्या दिवशी कोल्हे आले. मामा तणतणत आजाकडे गेला आणि आजा तणतणत ढवळूकडे.

"अरे माकडा, हाती आलं की आधी विस्तवावर धरायचं! खरपूस भाजायचं! मग पुढचं!"

"असं आधी सांगायचं ना, आज्या."

"आता सांगितलं ना!"

"ध्यानात ठेवलं."

पाऊस जवळ आला. आजानं उपकार केल्यासारखी बियाण्याची दुसरी टोपली दिली. सोमी पाणी घेऊन चालली होती. बघते तर ढवळू खापरावर वरी परततोय.

"अरे, भाजतोस काय?"

"आजा म्हणाला."

"आजा सशाचं म्हणाला."

"सशाचं नावही नाही घेतलं त्यानं. हाती आलं की, असं म्हणाला."

सोमीनं कपाळावर हात मारला. तोवर अर्धी वरी लाल झाली होती आणि ढवळूनं उरलेली अर्धीही केली. मग नेमानं पेरली. साऱ्या गावाचं रान हिरवं झालं. ढवळूच्या तुकड्यात फक्त ढवळू उभा.

आजा म्हणाला, "भाजल्यावर उगवतं होय रे? जीव असतो ते उगवतं. आता गावाच्या पिकाची राखण कर, वाट्याला एक टोपली देऊ. शेतात जिवंत दिसेल ते जपायचं. पाणी घालायचं. कोणाला हात लावू द्यायचा नाही."

"असं आधी—"

"आता सांगितलं ना!"

"ध्यानात ठेवलं."

दाणा भरायच्या सुमाराला शेतात रानडुकरीण आली, मागं सात पिलं. सगळी जिवंत होती. ढवळूनं करवंट्यांतून त्यांना पाणी ठेवलं. लोक भाले घेऊन धावत आले, तर हा हात पसरून आडवा. "हात लावायचा नाही! आजाचा शब्द आहे!" डुकरीण पोट भरून, पिलं मोजून गेली. एक कोपरा साफ.

"शेतात जो तोंड घालील," आजा ओरडला, "त्याला काठीनं बडवायचं! कोण, कुठला, बघायचंसुद्धा नाही!"

"ध्यानात ठेवलं."

कापणीच्या सकाळी मान म्हणून आजा पुढं झाला, वाकला आणि कणसाचा वास घ्यायला त्यानं शेतात तोंड घातलं. ढवळूनं बघितलंसुद्धा नाही.

तरी कापणी झाली. झोडणी झाली. आजानं पाठ चोळत हुकूम सोडला, "सगळी वरी माझ्या खोपीत, माझ्या कणग्यांत. तरण्या पोरांचा भरवसा नाही." दहा घरांचं वर्षभराचं अन्न आजाच्या खोपीत गेलं. ढवळूनंच वाहून भरलं. त्याच्या वाट्याची टोपलीही तिथंच, उद्या न्यायची.

सोमी म्हणाली, "एवढा उद्याचा दिवस काही करू नकोस रे."

"कोणी सांगितल्याशिवाय मी काही करतच नाही," ढवळू म्हणाला. खरंच होतं ते.

त्या दिवशी आजानं नव्या वरीचा भात तीनदा घेतला आणि आडवा झाला. पोट फुगलं ते उतरेना. अंत जवळ आलाय हे त्याला कळलं. त्यानं ढवळूला जवळ बोलावलं. भोवती बाकीचे म्हातारे बसलेले.

"पोरा, तू डोकं चालवलंस म्हणून चुकलास. आता रीत ऐक. माणूस मेलं की त्याची खोपी जाळायची. आत असेल त्यासकट. काडीही ठेवायची नाही. मग मागं न बघता पुढचा डोंगर गाठायचा. बापजाद्यांपासून असंच. माझंही तसंच करायचं."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रीत म्हणजे रीत. ती आता फक्त बोलायची, करायची नाही, हे त्यांनी आपसात ठरवलेलं. ढवळूला सांगायचं राहिलं.

"ध्यानात ठेवलं," ढवळू म्हणाला.

आजा पहाटे मेला. गावानं त्याला पुरलं आणि सगळे नदीवर आंघोळीला गेले. ढवळूनं कोलीत आणलं. खोपी चारी बाजूंनी पेटवली. आत वरी तडतडायला लागली. ढवळूनं मागं बघितलं नाही. पुढचा डोंगर गाठला आणि गावासाठी जागा झाडायला लागला.

दुपारी सोमी चढून आली. कोपरापर्यंत राख.

"सगळ्यांची वरी आत होती."

"माहीत आहे. मीच भरली."

"तुझी टोपलीही."

"तीही. आत असेल त्यासकट." मग त्यानं विचारलं, "बाकीचे कधी येतायत?"

सोमी डोंगर उतरली.

गाव पुन्हा कंद उकरायला लागलं. म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, आजा असता तर हे झालं नसतं. पुढच्या पावसाआधी मामानं सोमीला नदीपलीकडं दिलं. ढवळूला ती मिळाली नाही.