माईवरचं भाषण

"…मग अण्णा, या एआयला कायद्याचा लगाम घालायला नको का?"

विश्रामबुवांनी मांडीवर थाप मारली. कीर्तनकार माणूस, साधं काही विचारायचं म्हटलं तरी आवाज चार घरं पलीकडे जायचा. उद्या तालुक्याला त्यांची एआयविरुद्ध मोठी सभा होती आणि अध्यक्ष म्हणून त्यांना आपले गुरू अण्णाच हवे होते.

अण्णा ओसरीवर टाळांची दोरी बदलत बसले होते.

"लोक काय म्हणतात?"

"लोकांचं काय घेऊन बसलात! कायदा हवा, असं जो तो म्हणतो. आणि जो तो चोरून वापरतो. पोरांचे निबंध त्याचे, लग्नातली भाषणं त्याची. कायदा हवा तो शेजाऱ्याला! लाज कशी वाटत नाही हो यांना?"

अण्णांनी जुनी दोरी ओढून बाजूला ठेवली.

…

"माईच्या तेराव्याला छान बोललास."

माई म्हणजे अण्णांची बायको. विश्राम पोरवयात कीर्तन शिकायला या घरी आला, तो तिच्याच हातचं जेवून मोठा झाला. तेराव्याला बुवा बोलले तेव्हा मांडवात रडलं नाही असं कोणी नव्हतं.

"तुमचा आशीर्वाद, अण्णा."

"प्रत्येकाला त्यात आपापली आई दिसली." अण्णांनी दोरीला गाठ मारली. "मला माई तेवढी दिसली नाही."

…

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं बुवांना.

"अण्णा… ते मी… मोबाइलवर लिहून घेतलं होतं. एआयकडून. वेळ नव्हता हो."

"बरं."

नुसतं बरं! दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

"आत्ता आहे वेळ?"

बुवांनी खालमानेने होकार दिला.

"मग सांग. कशी होती ती?"

बुवांनी तोंड उघडलं. वात्सल्यमूर्ती, मायेचा सागर, सगळं जिभेवर आलं. पण ते सगळं मोबाइलचंच होतं. त्यांनी ते गिळून टाकलं.

"मी… नवीन आलो होतो ना, तेव्हा रात्री अंथरूण ओलं करायचो. माई पहाटे उठून गोधडी धुवायची. बरोबर शिकणाऱ्या पोरांनी विचारलं की सांगायची… मांजरानं घाण केली म्हणून."

अण्णांच्या हातातले टाळ तसेच राहिले.

"अरे गाढवा! आणि मी त्या मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आलो रे!"

हसता हसता म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. बुवांना काही हसू आलं नाही. त्यांना अण्णांकडे बघवेना.

शेवटी बुवांनी विचारलं, "उद्या सभेत मी काय बोलू, अण्णा?"

"हेच बोल. असंच अडखळत."