महाराजांचं टक्कल आणि चौघांचं तेल

महाराजांच्या टकलावर केस उगवले आणि दरबारात भांडण पेटलं!

मोजून सात केस होते. पण वीस वर्षं जिथं माशीसुद्धा घसरायची, तिथं सात म्हणजे जंगलच की! सोनकीनगरचे राजे धुरंधरसेन तर आनंदानं मुकुटच घालेनात.

"हे तेल केलं कोणी?" त्यांनी विचारलं. "त्याला आत्ताच्या आत्ता राजवैद्य करतो!"

आता पंचाईत अशी, की वैद्यशाळेचा नियमच मुळी महाराजांनी घातलेला. चौघा शिष्यांनी मिळून वर्षाकाठी एक औषध करायचं. दारावर मोठ्या अक्षरांत कोरलं होतं, 'एकी हेच बळ'. आणि या तेलाच्या बुधल्यावर नावं होती चार.

"मार्गदर्शन माझं, महाराज!" प्रधानजींचा रंगराव छाती काढून पुढे आला.

"मेहनत माझी!" सेनापतींचा भाचा रणधीर गरजला.

"आणि बुद्धी माझी!" राजज्योतिष्यांचा नातू वाचस्पती म्हणाला.

चौथी होती हौसा, गणोबा तेल्याची मुलगी. अहो, वर्षभर पाला कुटला तिनं, तेल उकळलं तिनं, हात भाजून घेतले तिनं! रंगराव कधीमधी दारातून डोकावून "छान चाललंय, चालू द्या" म्हणायचा, एवढंच त्याचं मार्गदर्शन. रणधीर नेमका भाकरीच्या वेळेला हजर. आणि वाचस्पतीची आजी तर वर्षात चार वेळा वारली!

महाराजांनी तेलाची कृती विचारली, तर तिघांनी पोपटासारखी घडाघडा म्हणून दाखवली. आदल्या दिवशी हौसाकडूनच पाठ करून घेतली होती ना!

"मुली, तुझं काय म्हणणं?" महाराजांनी विचारलं.

"तेल मी केलं, महाराज."

"असं? मग सिद्ध कर! माझा हा विडा संपायच्या आत, नाहीतर घरी जा! पण खबरदार, सोबत्यांविरुद्ध एक शब्द काढलास तर वैद्यशाळेतून नाव कमी. चहाडी मला मुळीच खपत नाही!"

"साक्षीदार आणू का?"

"तीही चहाडीच!"

झालं! तोंड उघडावं तर घरी, न उघडावं तरी घरीच. आणि घरी वाट बघत होता घाणा. तिच्या आप्पांचा, म्हणजे गणोबाचा, बैल इतका म्हातारा झाला होता, की घाण्याला जुंपला की उभ्या उभ्या घोरायचा. हौसा परत गेली, तर बैलाच्या जागी हौसाच!

महाराजांचा विडा अर्धा झाला. तिघं गालातल्या गालात हसत होते. तेवढ्यात हौसाचे डोळे चमकले.

"महाराज, सोबत्यांविषयी माझी तक्रार नाही. एक शंका आहे, ती तेलाविषयी."

"बोल."

"आपल्याला मागं काही हुळहुळतंय का?"

"मागं? कुठं मागं?"

"कमरेच्या जरा खाली, महाराज. माकडाला असतं ना, तिथं."

महाराजांचा हात हळूच मागं गेला.

"थोडंसं... हुळहुळतंय खरं," ते पुटपुटले.

"अगंबाई! मग या तेलानं शेपूट तर नाही ना फुटायचं?"

"शेपूट?" महाराज ताडकन उठले. उरलेला विडा घशात अडकला! "मला शेपूट? कोणी केलं हे तेल? शेपूट फुटलं तर त्याची गाढवावरून धिंड काढीन!"

"मी नाही, महाराज!" रंगराव किंचाळला. "मी वैद्यशाळेचा उंबरासुद्धा ओलांडला नाही! बाबांना विचारा, वर्षभर गच्चीत पतंग उडवत होतो!" प्रधानजींनी कपाळाला हात लावला.

"मी तर फक्त हौसाच्या भाकऱ्या खायला जायचो!" रणधीर घायकुतीला आला. "तेलाला बोट लावलं असेल तर शपथ!"

"मी मामाकडे आंबे खात होतो!" वाचस्पती रडकुंडीला आला.

"आणि जिच्यासाठी माझ्याकडून रजा घेतलीस, ती तुझी वारलेली आजी?" महाराजांनी विचारलं.

"ठणठणीत आहे, महाराज! ती काय, सज्जात बसलीय!"

सज्जातून काठी आपटल्याचा आवाज आला. "मेल्या! मला मारलंस? घरी ये, मग दाखवते कोण मरतं ते!"

"अरे, मग तेल केलं तरी कोणी?" महाराज ओरडले.

हौसा पुढे झाली. "मी, महाराज. एकटीनं. आता तर माझे सोबतीच सांगताहेत!"

"आणि माझं शेपूट?"

"नाही फुटायचं. आधी आमच्या आप्पांच्या टकलाला लावून बघितलंय. त्यांना नुसते केस आले."

"नक्की?"

"अगदी नक्की! बैलालाही लावलं होतं. त्याला शेपूट आहे, पण ते आधीपासूनचं!"

महाराज आधी गोरेमोरे झाले. मग त्यांचे गाल फुगले, पोट हललं आणि ते असे हसत सुटले, की सातही केस थरथरू लागले! बघता बघता सगळा दरबार पोट धरून हसायला लागला.

"शाब्बास, पोरी! चहाडी केली नाहीस, आणि सगळं वदवूनही घेतलंस!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं हौसाच्या हातात घातलं. "आजपासून तू राजवैद्य! मदतीला हे तिघं देऊ का?"

हौसानं पटकन हात जोडले. "नको, महाराज! त्यापेक्षा आमच्या आप्पांना एक तरणा बैल द्या. कामाच्या वेळी निदान जागेवर तरी असतो!"

"दिला!" महाराज पुन्हा हसू लागले. "आणि बैल येईपर्यंत घाण्याला या तिघांना जुंपा रे! एकी हेच बळ!"

हसता हसता त्यांचा एक हात मात्र मागंच होता.