कुंभाराची माती, लोहाराची कडी

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याच्या कोठारात दुसऱ्याचं सोनं होतं. एका जादूगाराच्या गुहेतून त्यानं ते लुटून आणलं होतं. त्या दिवसापासून नगरातली लेकरं पायांकडून दगड होऊ लागली. सुभाना कुंभाराची लेक केवडा त्यातलीच. सात वर्षांची. सुभाना रोज तिची पावलं कोमट पाण्यानं शेकायचा. पावलं गार ती गारच.

एके सकाळी साळुंकी दरबारात उतरली नि बोलली, "राजा, सोनं गुहेत परत ठेव. पण दार दिव्यापुढेच उघडेल. पणतीला कुंभाराची माती, पणती धरणाऱ्या कडीला लोहाराचं लोखंड, वातीला कोष्ट्याचं सूत. तीन पौर्णिमा, तीन दिवे. चौथा नाही."

राजानं सुभानाला, जोत्याजी लोहाराला आणि निंबाजी कोष्ट्याला बोलावलं. तिघेही आपापल्या कामात पक्के. तिघेही आपापल्या आळीत जाऊन कामाला लागले.

पहिल्या पौर्णिमेला सुभानानं पणती कडीत ठेवली. ती कडीतून निसटली आणि गुहेच्या दारापुढे फुटली.

"पणतीचं माप तुझ्या चाकावरूनच घेतलं होतं," जोत्याजी म्हणाला.

"ओल्या पणतीचं? अरे, माती वाळली, भाजली की आकसते! लहान पोरालाही ठाऊक असतं."

"कुंभाराच्या पोराला असेल, सुभाना."

घरी केवडा कमरेपर्यंत दगड झाली होती.

दुसऱ्या पौर्णिमेला पणती नीट बसली. वातीनं मात्र तेल ओढलंच नाही. जराशी धुरकटली नि विझली.

निंबाजीनं कपाळाला हात लावला. "सुताला खळ असते, दादा. मागावर ताठ राहायला. ती धुऊन मग वात वळायची. आता हे काय सांगायचं?"

"सांगायचं होतंस," सुभाना एवढंच म्हणाला.

केवडा गळ्यापर्यंत दगड झाली होती. "बाबा, दिवा लागला?" तिनं विचारलं.  सुभानानं तिचे केस विंचरले. तेवढेच मऊ उरले होते.

तिसऱ्या पौर्णिमेला चार दिवस उरले, तेव्हा सुभाना जोत्याजीच्या भात्यापाशी जाऊन बसला. निंबाजीलाही त्यानं बोलावून घेतलं होतं. आशा अशी उरली नव्हती.

"जोत्याजी, तुझ्या कामातलं असं काय आहे, जे सांगायची तुला लाज वाटेल? इतकं साधं?"

जोत्याजी हसला. "लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आवळतं. या वेळी कडी तापवूनच पणतीवर चढवणार होतो. घट्ट बसली असती."

सुभाना म्हणाला, "माझी पणती तडकली असती, भाऊ."

 मग तिघे दिवस मावळेपर्यंत एकमेकांना आपापल्या कामातल्या साध्या साध्या गोष्टी सांगत बसले.

तिसरा दिवा जळला. दार उघडलं. राजानं स्वतः सोनं आत ठेवलं, आणि नगरातली लेकरं हलली, रडली, धावली. केवडाची डावी टाच मात्र दगडाचीच राहिली.

"दोन दिवे वाया गेले, त्याची खूण," साळुंकी म्हणाली नि उडून गेली.

शाप सरला, राज्य थाऱ्यावर आलं. केवडा लोहारआळीतून चालायची, तेव्हा फरशीवर ठक, ठक वाजायचं. जोत्याजीचा घण वरच्या वर थांबायचा. मग तो समोरच्या माणसाला, कोणीही असो, हळूच विचारायचा, "तुमच्या कामात हे कसं करतात?"