कोऱ्या चिठ्ठीचा डाव

“पण आपला माणूस फितूर आहे की नाही, हे ओळखायचं कसं?”

मिहीरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

गिरिजाआक्का चिंचेतले चिंचोके काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला माणूस? पटावरचा, की फाटकाबाहेर उभा आहे तो?”

मिहीरची नजर फाटकाकडे गेली.

हा मठ गिरिजाआक्का चालवतात आणि मी इथलं कोठीघर सांभाळतो. मला लांबण लावलेली आवडत नाही, म्हणून मधलं थोडक्यात सांगतो.

मिहीर शिंत्रे आणि सुकुमार मगदूम, दोघं आमच्याच गावचे. शाळेत असताना सुट्टी लागली की दोघांचा मुक्काम मठात. आक्कांनी त्यांना सारीपाट शिकवला. तेव्हा ते एकमेकांच्या सोंगट्या लपवायचे आणि माझ्या डब्यातला गूळ पळवायचे. पुढे दोघं पुण्याला गेले आणि पटावरचे खेळ बनवायला लागले. मोठ्या माणसांनी बसून खेळायचे खेळ म्हणे. मला आधी ते खरंच वाटेना, पण असतात म्हणे असेही धंदे.

तर असा एक खेळ दोघांनी मिळून रचला होता. दुसऱ्या दिवशी पुण्यात एका कंपनीचे मालक तो बघणार होते. पसंत पडला तर छापला जाणार, आणि खोक्यावर रचणाऱ्याचं नाव येणार. दोन नावं द्यायची की एकच, हे मिहीरला ठरवायचं होतं. तेवढ्यासाठी तो आला होता.

कारण असं की, बंगळूरच्या कुणीतरी अगदी असाच खेळ काढत असल्याचं जाहीर केलं होतं. त्यातही लपवलेली कोठारं, त्यातही हेर. आणि सुकुमार दिवाळीनंतर मावसभावाच्या लग्नाला बंगळूरला जाऊन आला होता.

एवढंच. सुकुमारने खेळ फोडल्याचा यापलीकडे पुरावा काही नाही.

मी म्हटलं, त्याला सरळ विचार की. तर म्हणाला, विचारलं तर तो सावध होईल.

आणि गंमत बघा, हा आला कशावर? सुकुमारच्याच मोटरसायकलवर, मागे बसून. फाटकाशी उतरला आणि त्याला म्हणाला, तू थांब बाहेर, आक्कांशी जरा खासगी बोलायचंय. नवे नियम त्याच्या कानावर पडायला नकोत ना.

मी सुकुमारला पाणी द्यायला निघालो, तर मिहीर मागून म्हणाला, “काका, आत काय चाललंय ते सांगू नका हं त्याला.”

मला राग आला. ज्याच्या पाठीमागे बसून आलास, त्याला पाणी देताना मी तोंड शिवून घ्यायचं? पण बोललो नाही. सुकुमारने तांब्या घेतला आणि मला एकच विचारलं. जमलं का काही त्याचं? म्हणाला, झोप नाही त्याला, खात नाही नीट.

मी नुसती मान हलवली आणि आत आलो. फार वाईट वाटलं.

आत मिहीरने पट मांडला होता.

आमच्याकडे रीत आहे. प्रश्न घेऊन येणाऱ्याचे हात रिकामे ठेवायचे नाहीत. मोक्षाचं विचारायला आलेल्यांनाही आक्का चिंच निवडायला बसवतात. मिहीरपुढेही त्यांनी चिंचेचा ढीग सरकवला होता. त्याने दोन बोटुकं फोडली असतील नसतील. गुडघा सारखा हलत होता, डोळे सारखे फाटकाकडे.

आक्का म्हणाल्या, “आधी खेळ सांग.”

मग त्याने सांगितला. तेवढ्यापुरता त्याचा गुडघाही थांबला.

दोन राज्यं. प्रत्येकाची पाच माणसं: किल्लेदार, वैद्य, व्यापारी, नावाडी आणि शाहीर. प्रत्येकाची तीन कोठारं लाकडी चकत्यांखाली लपवलेली. एकात धान्य, एकात मीठ, एकात दारूगोळा. दुसऱ्याची तिन्ही कोठारं जो उघडेल तो जिंकला. आणि खरी मेख पुढे होती. सुरुवातीला प्रत्येकाने समोरच्याच्या पाचांपैकी एकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी वाटीखाली झाकायची. तो आपला हेर. म्हणजे तुमचा एक माणूस पहिल्यापासून दुसऱ्याचा, आणि कुठला ते तुम्हाला ठाऊक नाही.

“मग?” आक्कांनी विचारलं.

“मग संशय आला की आपल्या माणसाला कैद करता येतं. पण तो खरंच फितूर होता का, हे डाव संपेपर्यंत कळत नाही. हा नियम माझा एकट्याचा.”

शेवटचं वाक्य त्याने जरा जोरात म्हटलं.

“चांगलाय की. मग अडलंय कुठे?”

अडलं होतं ते असं. चाचणीला ज्या ज्या लोकांना बसवलं, ते नुसते बसून राहिले. कुणी माणूस हलवेना, कुणी चकती उचलेना. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसायचे. चहा यायचा, चहा निवायचा, डाव तिथल्या तिथे. एकाने तर सरळ विचारलं म्हणे, यात खेळायचं काय असतं?

मिहीरने उपाय भरपूर काढले होते. वाळूचं घड्याळ ठेवायचं. हेर एकाऐवजी दोन करायचे. हेरावर नजर ठेवणारा तिसरा आणायचा. कोठारात कोठार करायचं, खोट्या चकत्या टाकायच्या. एक सांगून होत नाही तोवर दुसरं. मला तर ऐकूनच गरगरायला लागलं.

आक्का प्रत्येक वेळी एवढंच विचारत होत्या, “त्याने माणूस हलेल?”

तो विचार करायचा… आणि म्हणायचा, नाही.

मग तो मुळावर आला. फितूर ओळखायची एखादी पक्की खूण हवी. खेळणाऱ्याला ती सापडली की तो बिनधास्त पुढे जाईल. अशी खूण काय असेल, ते आक्कांनी सांगावं.

आक्कांनी पदराला हात पुसले.

“एक चिठ्ठी कोरी ठेव,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“ज्याला वाटेल त्याने हेर ठेवावा. ज्याला नको वाटेल त्याने कोरी चिठ्ठी झाकावी.”

मिहीर हसला. लहान मुलाला हसावं तसा. म्हणाला, हातात आलेला हेर कोण सोडेल, आक्का? असला मूर्ख खेळाडू शोधून सापडायचा नाही.

“मांड,” आक्का म्हणाल्या.

कैदखान्याची पेटी तो पुण्यालाच विसरून आला होता. मी कोठीघरातून स्टीलची ताटली आणून दिली. वाट्याही मीच दिल्या.

दोघांनी पाठमोरं होऊन चिठ्ठ्या केल्या आणि झाकल्या. आक्का पुन्हा पटाकडे वळल्या आणि म्हणाल्या, “मी कोरी ठेवली आहे.”

मिहीरने त्यांच्याकडे बघितलं.

“असं बोलायचं नसतं, आक्का.”

“तुझ्या नियमात आहे का तसं?”

“नियमात नाही. पण कुणी बोलत नाही.”

“मी बोलले.”

डाव सुरू झाला. आक्कांनी आपला शाहीर एक घर पुढे सरकवला आणि परत चिंच हातात घेतली.

मिहीरने काही हलवलं नाही. त्याने आपला नावाडी उचलला आणि ताटलीत टाकला. मी विचारलं, का रे? म्हणाला, आक्कांनी चाल करण्याआधी नावाड्याकडे दोनदा बघितलं.

आक्कांनी शाहीर आणखी एक घर सरकवला.

मिहीरने वैद्याला कैद केलं. कारण काय, तर वैद्याकडे आक्कांनी एकदाही बघितलं नव्हतं.

मी डोक्याला हात लावला. बघितलं तरी चोर, नाही बघितलं तरी चोर.

शाहीर पुढे आला. रमतगमत, वाटेत कुणी आडवं नसल्यासारखा. मिहीरच्या कपाळावर घाम आला होता. तो पुटपुटत होता. आक्का इतक्या सरळ का येत आहेत? आतून कुणीतरी सामील असल्याशिवाय कुणी असं येत नाही. व्यापारी मिठाच्या कोठारापाशीच उभा होता. मग व्यापारी गेला. कोठारापाशी उभा होता म्हणूनच गेला, पण राखायला दुसरं कोण उभं राहणार होतं?

मग त्याचा स्वतःचा शाहीर गेला. त्याचं कारण त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

किल्लेदार एकटा उरला.

मिहीरने त्याला बोटांत धरलं. ठेवलं. परत उचललं. म्हणाला, चौघांपैकी कुणीच आक्कांच्या कामी येताना दिसला नाही, म्हणजे हाच असणार, नाही का?

आक्का चिंच निवडत राहिल्या.

किल्लेदार ताटलीत पडला. स्टीलवर लाकूड वाजलं आणि दारातली मांजर उठून गेली.

आक्कांचा शाहीर चालत गेला आणि त्याने एक चकती उचलली, मीठ. दुसरी उचलली, धान्य. तिसरी उचलण्याआधी मिहीरनेच हाताने खूण केली, पुरे म्हणून.

“माझी वाटी उचल,” आक्का म्हणाल्या.

त्याने उचलली. कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. दोन्हीकडून कोरा.

मला वाटलं, आता पोरगं रडेल. कसलं काय. तो ताडकन उठून उभा राहिला आणि येरझाऱ्या घालायला लागला. चेहरा नुसता उजळलेला. सापडला, म्हणाला, नियम सापडला. कोरी चिठ्ठी असली की डाव थांबणारच नाही. लोक आपापली माणसं स्वतःच्या हाताने कैद करत सुटतील, आणि शेवटी वाटी उचलली की कपाळाला हात लावतील. उद्या मालकांना हाच डाव दाखवायचा. इतका आनंद त्या पोराच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

“सुकुमारला सांग की,” आक्का म्हणाल्या. “पट त्याने रंगवलाय. त्यालाही बरं वाटेल.”

मिहीर चालता चालता थांबला.

मग खाली बसला. ताटलीतल्या सोंगट्यांकडे बघत राहिला. सोंगट्याही सुकुमारनेच कातल्या होत्या. नावाड्याच्या हातात इवलंसं वल्हं होतं.

त्याने त्या वल्ह्यावरून बोट फिरवलं.

“आक्का,” तो म्हणाला, “वीस वर्षांचा मित्र आहे तो माझा. मला झोप येत नाही. त्याने फोन पालथा ठेवला तरी वाटतं, का ठेवला. तो हसला तरी वाटतं, का हसला. मला हे नको आहे.”

“मग?”

“तुम्ही सांगा. तुम्ही त्याला लहानपणापासून बघताय. तुम्ही म्हणालात तो तसा नाही, की मी संपवलं. खोक्यावर दोन्ही नावं जातील. शप्पथ.”

आक्कांनी चिंच बाजूला ठेवली. चष्म्यातून त्याच्याकडे नीट बघितलं.

“तो तसा नाही,” त्या म्हणाल्या.

मिहीरने दीर्घ श्वास सोडला. वाकून आक्कांच्या पायांना हात लावला. डोळे पुसले. मला म्हणाला, काका, चहा टाका तिघांना, सुकुमारला आत बोलावतो. मलाही हायसं वाटलं. मी उठून चुलीकडे निघालोसुद्धा.

तो दारापर्यंत गेला. एक चप्पल पायात सरकवली. दुसरी शोधता शोधता त्याने फाटकाकडे बघितलं. तिथे सुकुमार सावलीत उकिडवा बसून मोटरसायकलची साखळी पुसत होता. त्याने मिहीरला बघून हात वर केला.

मिहीरने हात वर केला नाही. दुसरी चप्पल पायात गेली नाही.



मग मागे वळला. आवाज अगदी हळू, बाहेर ऐकू जाऊ नये असा.

“आक्का, एक विचारू? राग मानू नका. तो मधे कधी एकटा येऊन गेला का इथे? तुम्हाला काही सांगून गेलाय का?”

आक्का पटावरच्या चकत्या गोळा करत होत्या. त्यांचे हात थांबले.

त्यांनी ताटली पुढे ओढली. डोळ्यांवरचा चष्मा काढला, काड्या मिटल्या, आणि तो नावाडी, वैद्य, व्यापारी, शाहीर आणि किल्लेदार यांच्या शेजारी ताटलीत ठेवला.

“पाच आत गेलेत, बाळ,” त्या म्हणाल्या. “सहावी म्हणून मलाही आत घाल.”