चिमटीचा नंबर कुणी नेला?

चिंचेचं एक झाड होतं. झाडात होती ढोली. ढोलीत राहायची खारआई आणि तिची पाच पिल्लं.

सगळ्यांत मोठा झुपक्या दादा. मग रेघोटी ताई. मग गुबऱ्या. मग चिमटी. आणि झोळीत तान्हं बाळ.

पिल्लांची शाळा कुठे? ढोलीतच! आई घरीच शिकवायची. सगळ्यांना एकदम शिकवायची. हाताने दादाची बेरीज तपासायची. कानाने ताईची कविता ऐकायची. मधूनच गुबऱ्याचा पाढा. मधूनच बाळाला गाणं. आणि शेपटीने झोळी हलवायची. झुई झुई, झुई झुई.

पण पाटी होती एकच. म्हणून सगळ्यांचे नंबर.

आज चिमटीचा पहिला धडा होता. चिमटीने तोंड धुतलं. शेपटी विंचरली. आणि नंबर लावून बसली.

दादाचं झालं. ताईचं झालं. गुबऱ्याचं झालं. आता चिमटी!

चिमटीने हात पुढे केला. इतक्यात आला झुपक्या दादा.

"अरेच्चा, माझी बेरीज चुकली!" म्हणाला. पाटी उचलली. आणि गेला की हो!

चिमटी बघतच राहिली. पाटी गेली. नंबर गेला. चिमटीची शेपटी फुगली. पाय आपटला. थप्प!

"मोठ्यांना पाटी, बाळाला गाणी,
मलाच का नुसतं डोळ्यांत पाणी?"

चिमटी गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, मला शिकव."

आई म्हणाली, "शिकवते गं. पण लिहिशील कशावर? जा, दादाकडून पाटी आण."

चिमटी गेली दादाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दादा, दादा, पाटी दे.
आई मला शिकवेना,
माझा नंबर येईना!"

दादा म्हणाला, "नाही देणार जा! बेरीज अडलीये माझी. मोजायला चिंचोके नाहीत. ताईने चिंचोके दिले, तर मी पाटी देईन."

चिमटीची शेपटी फुगली. पाय आपटला. थप्प!

चिमटी गेली ताईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

ताई कविता पाठ करत होती. "वेलीवर फूल, फुलावर... फुलावर... छे!" एक ओळ आली की ती एक चिंचोका मांडायची. दोनच चिंचोके मांडले होते. बाकी सगळे मुठीत.

"ताई, ताई, चिंचोके दे.
दादा पाटी देईना,
आई मला शिकवेना,
माझा नंबर येईना!"

ताई म्हणाली, "नाही देणार जा! आधी कविता येऊ दे. हा गुबऱ्या बघ केवढ्याने ओरडतोय! गुबऱ्या हळू बोलला, तर मी चिंचोके देईन."

चिमटीची शेपटी फुगली. पाय आपटला. थप्प!

चिमटी गेली गुबऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

गुबऱ्या पाढा म्हणत होता. बे एके बे! बे दुणे चार! फांदीवरची पानं थरथरत होती.

"गुबऱ्या, गुबऱ्या, हळू बोल.
ताई चिंचोके देईना,
दादा पाटी देईना,
आई मला शिकवेना,
माझा नंबर येईना!"

गुबऱ्या म्हणाला, "काय? काय म्हणालीस? मला ऐकूच येत नाही. बाळ किती रडतंय! माझाच पाढा मला ऐकू येईना. बाळ झोपलं, तर मी हळू बोलेन."

चिमटीची शेपटी फुगली. पाय आपटला. थप्प!

"हे काय बाई! माझा नंबर गेला, आणि मीच सगळ्यांच्या पाया पडू?"

तरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. झोळीपाशी.

"बाळा, बाळा, झोप ना.
गुबऱ्या हळू बोलेना,
ताई चिंचोके देईना,
दादा पाटी देईना,
आई मला शिकवेना,
माझा नंबर येईना!"

बाळ म्हणालं, "ट्यँऽऽ! नाइ! नाइ!" आणि बोट केलं वर. "टकटक! टकटक! नको!"

चिमटीने वर पाहिलं. वर शेंड्यापाशी होते सुतारकाका. डोक्यावर लाल तुरा. लांब चोच. झाडावर चोच मारत होते. टकटक, टकटक, टकटक! मग बाळ झोपणार कसं?

चिमटी चढली वर. सरसर, सरसर.

"सुतारकाका, सुतारकाका, टकटक थांबवा.
बाळ काही झोपेना,
गुबऱ्या हळू बोलेना,
ताई चिंचोके देईना,
दादा पाटी देईना,
आई मला शिकवेना,
माझा नंबर येईना!"

सुतारकाका म्हणाले, "नाही थांबणार जा! मला घर कोरायचंय. पाऊस आला तर अंडी ठेवू कुठे? तू असं कर. ढगाकडे जा. त्याला म्हणावं, सावकाश ये. ढग थांबला, तर मी थांबेन."

चिमटीने आभाळात पाहिलं. लांब, लांब, लांब एक ढग. एवढासा. कापसासारखा.

"ढगाकडे?" चिमटी म्हणाली. "मी जाऊ ढगाकडे?"

आता मात्र चिमटीची शेपटी अशी फुगली, अशी फुगली, की चिमटी दिसेचना! नुसती शेपटीच!

"मी नाही जाणार ढगाकडे! मी नाही जाणार कुणाकडे!"

टुणकन उडी मारली. आणि जिथे सुतारकाका चोच मारत होते, बरोबर तिथेच बसली. पाठ टेकून. हाताची घडी घालून.

"बाजूला हो पोरी," सुतारकाका म्हणाले.

"नाही होणार!"

"चोच लागेल ना तुला!"

"लागू दे! दादाचं ऐकलं. ताईचं ऐकलं. गुबऱ्याचं ऐकलं. बाळाचं ऐकलं. तुमचंही ऐकलं. माझं कोण ऐकणार?" आणि चिमटी ओरडली, सगळ्या झाडाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"टकटक काही थांबेना,
बाळ काही झोपेना,
गुबऱ्या हळू बोलेना,
ताई चिंचोके देईना,
दादा पाटी देईना,
आई मला शिकवेना,
माझा नंबर येईना!"

सुतारकाकांनी चोच खाली केली. मान वाकडी केली. चिमटीकडे नीट पाहिलं. एवढीशी चिमटी. एवढाले डोळे. डोळ्यांत पाणी.

"खरंय बाई तुझं," सुतारकाका म्हणाले. "नंबर म्हणजे नंबर. समोरच्या पांगाऱ्याचं लाकूड मऊ आहे. जातो मी तिकडे."

आणि गेले. भुर्रर्र!

मग काय झालं?

टकटक थांबली.
टकटक थांबली, बाळ झोपलं.
बाळ झोपलं, गुबऱ्या हळू बोलला. बे एके बे, बे दुणे चार.
गुबऱ्या हळू बोलला, ताईची कविता पाठ झाली. ताईने चिंचोके दिले.
ताईने चिंचोके दिले, दादाने बेरीज मोजली. बरोबर आली! दादाने पाटी दिली.

चिमटीने पाटी घेतली. पोटाशी धरली. गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, ही पाटी. मला शिकव."

आई उठत होती. "अगंबाई, जेवायची वेळ झाली की! सगळ्यांना भुका लागल्या. जेवण झाल्यावर शिकू हं, चिमटे."

चिमटीने पाय आपटला नाही. शेपटी फुगवली नाही. नुसती उभी राहिली. पाटी पोटाशी घट्ट धरली.

"आई," ती म्हणाली, "मी झाडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन आले. माझा नंबर आणायला."

आई थांबली. आईने चिमटीकडे पाहिलं. मग खाली बसली. मांडी घालून बसली.

"चुकलं गं माझं," आई म्हणाली. "मोठ्यांचं बघितलं, तान्ह्याचं बघितलं. मधली चिमटी राहूनच गेली. ये. आधी तुझा नंबर."

"आणि जेवण?" गुबऱ्याने विचारलं.

"झुपक्या आणि रेघोटी वाढतील तुला," आई म्हणाली. "ते मोठे आहेत ना!"

दादाने फळं आणली. ताईने पानं मांडली. गुबऱ्या गप्प बसून खाऊ लागला. कुटुम कुटुम.

आणि आईने चिमटीचा हात धरला. पाटीवर ठेवला. एक गोल पोट. एक आडवी रेघ. एक उभा दांडा. डोक्यावर रेघ.

"हा च," आई म्हणाली. "च चिमटीचा."

चिमटीने काढला च. वाकडा. मोठ्ठा. पाटीभर! पाटीवर दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही.

पाटीवर च, गालावर हसू,
गोष्ट झाली, आता गप्प बसू!