बाळाराजांचा हरवलेला डग्गा

हिरवड्याच्या बाळाराजांच्या दिवाणखान्यातून डग्गा हरवला!

म्हणजे वस्तू नव्हे, आवाज. नव्या स्पीकरवर रेकॉर्ड लावली की तबला टणटण वाजायचा, गवई गायचा, पण डग्ग्याचा घुमारा काही केल्या येईना. आणि रेकॉर्ड कोणाची? राजांचे तबल्याचे गुरू भाऊराव यांची! ते स्वतः आज संध्याकाळी ऐकायला येणार होते.

राज्य केव्हाच गेलं होतं, पण राजांचा हट्ट शाबूत होता. त्यांनी शहरातून सबनीस नावाचा साउंडवाला बोलावला. सबनीस म्हणाला, "सरकार, वायर हलकी आहे. तार जाड तर सूर जाड!" त्याने बोटाएवढी वायर लावली. डग्गा नाही. मनगटाएवढी लावली. डग्गा नाही. शेवटी धामणीसारखी जाडजूड वायर गालिच्यावर पसरली, तरी डग्गा नाही.

"आता काय हत्तीची सोंड आणणार?" राजे कडाडले. "त्या वैजूला बोलवा!"

वैजू म्हणजे माझी थोरली बहीण. राजांच्याच वाड्याखाली रस्त्याकडच्या खोलीत तिचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, सगळं दुरुस्त करायची. ती पान्हा कमरेला खोचून आली.

सबनीस नाक मुरडून म्हणाला, "बाई, हा काही मिक्सर नाही."

"खरंय. मिक्सरला निदान कुठल्या बाजूला फिरायचं ते कळतं!"

असं फटकन बोलायची ती. आता दुकानासमोरून जाताना कान उगाच तिकडे लागतात. असो. गोष्ट सांगतोय ना मी.

वैजूने वायर हातात धरून वजन अजमावलं. "सरकार, वायर म्हणजे पाण्याचा पाइप. बारीक असेल आणि लांबवर न्यायची असेल, तर आवाज वाटेत झिरपतो, हे खरं. पण इथे यंत्रापासून स्पीकर दहा हातांवर! तुमची पहिली वायरसुद्धा पुरेशी होती. चोर वायरीत नाही."

"मग कुठे आहे?" राजे म्हणाले. "संध्याकाळच्या आत शोध. नाही सापडला तर तुझ्या दुकानाची खोली सबनीसांना. त्यांना इथे शाखा काढायचीच आहे."

घर त्या दुकानावर चालत होतं. पण तोंडावर काही दाखवेल तर ती वैजू कसली! तिने रेकॉर्ड लावायला सांगितली आणि डाव्या स्पीकरची वायर सरळ काढून टाकली.

धूंऽऽ! डग्गा घुमला!

"अरेच्चा!" राजे उभेच राहिले. "दोन स्पीकर असताना नाही, आणि एक काढला की येतो? हे कसलं गणित?"

"सरकार, दाराला दोन गडी लावा. एक आतून ढकलतोय, एक बाहेरून ढकलतोय. दार हलेल?"

"कसं हलेल?"

"एकाला काढा. उघडलं! तुमच्या स्पीकरांचं तेच चाललंय. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. बारीक आवाज कसाबसा निसटतो, पण डग्गा मधल्यामध्ये मरतो." ती वाकून स्पीकरची पाठ बघू लागली. "वायरीचं लाल टोक लाल खुंटीला आणि काळं काळ्या खुंटीला हवं. या उजव्या स्पीकरला टोकांची अदलाबदल झालीय. कोणी केली?"

सबनीस छताकडे बघायला लागला.

"पहिल्या वायरीपासून आम्हीच करायला लावली, यांनाही तेच सांगितलं!" राजे छाती काढून म्हणाले. "त्या भिंतीपलीकडे देवघर आहे, आणि काळी खुंटी नेमकी त्या बाजूला. काळं टोक देवाकडे तोंड करून? आमच्या घरात चालणार नाही!"

"मग बदलते," वैजूने हात पुढे केला.

"खबरदार! देवाकडे लालच राहील. त्या स्पीकरला हात लावायचा नाही, तो जागचा हलवायचा नाही. आणि दोन्ही स्पीकर वाजत असताना डग्गा आला पाहिजे!"

सबनीस खुदकन हसला. "झालं! देवही सांभाळा, डग्गाही सांभाळा! बाई, आता एक नवस बोला."

"नवस तुमच्यासाठीच बोलते, अक्कल मिळावी म्हणून!"

वैजूने डावीकडची काढलेली वायर होती तशी परत जोडली. उजवीकडे देवघराकडचं लाल टोक तसंच राहिलं. मग ती उठली आणि थेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, यंत्राच्या मागे जाऊन बसली. उजव्या स्पीकरच्या वायरीची तिकडची दोन टोकं तिने सोडली. लालच्या जागी काळं, काळ्याच्या जागी लाल. पान्हा परत कमरेला.

"लावा रेकॉर्ड!"

धूंऽऽ! धूंऽऽ! खिडकीच्या काचा थरथरल्या. राजे धावत देवघराकडच्या स्पीकरमागे गेले. लाल टोक होतं तिथेच होतं!

"काय जादू केलीस?"

"जादू कसली? तुम्ही इकडे उलटं केलंत, मी तिकडे उलटं केलं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलट!"

राजांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे इतके दिवस डग्गा आम्हीच चोरला होता, असं म्हणायचंय तुला?"

"छे छे, सरकार!" वैजूने हात जोडले. "तुम्ही तो देवाला वाहिला होता. मी फक्त प्रसाद म्हणून परत आणला!"

राजे खो-खो हसत सुटले. इतके हसले की त्यांचं पागोटं मागे घसरलं आणि खोकला लागला! त्यांनी तिथल्या तिथे कारभाऱ्याला हाक मारली आणि रस्त्याकडची ती खोली कायमची वैजूच्या नावावर करायला सांगितली. संध्याकाळी भाऊराव आले तेव्हा त्यांच्या शेजारच्या गादीवर राजांनी तिलाच बसवलं!